कानाच्या पडद्याचे छिद्र : शस्त्रक्रियेचे पर्याय

कानाच्या पडद्याला पडलेले प्रत्येक छिद्र शस्त्रक्रियेने बुजवावे लागत नाही. थप्पड, फटाक्याचा आवाज किंवा काडी लागून फाटलेला पडदा बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप भरून येतो. तोवर कानात पाणी जाऊ देऊ नये आणि तेल घालू नये. यातील दुसरे पथ्य आपल्याकडे अधिक अवघड जाते.

शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो तो प्रामुख्याने वारंवार वाहणाऱ्या कानासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४च्या अहवालात या विकाराचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत भारताची गणना झाली होती. केंद्र सरकारने २००७मध्ये राष्ट्रीय बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, तो प्रथम २५ जिल्ह्यांत.

छिद्र लहान व कान कोरडा असल्यास कानाच्या पाळीतील चरबीचा तुकडा त्यात बसवला जातो. छिद्र मोठे असल्यास कानशिलाच्या स्नायूवरील पातळ आवरणाचे कलम पडद्याच्या आतील बाजूने लावतात. ही टिंपॅनोप्लास्टी १९५०च्या दशकात जर्मनीतील वुल्स्टाइन व झॉलनर यांनी रूढ केली. तेव्हा कलम त्वचेचे असे. पडदा आत ओढला जात असेल किंवा आधीची शस्त्रक्रिया फसली असेल, तर कानातील टणक कूर्चा अधिक भरवशाची ठरते. कानाच्या नळीतून दुर्बिणीने काम केल्यास कानामागील छेद टळतो. मात्र शल्यचिकित्सकाचा एक हात दुर्बीण धरण्यात गुंततो.

पडदा सांधला म्हणजे पूर्ववत ऐकू येईलच, असे नाही. मधल्या कानातील तीन हाडांची साखळी झिजली असल्यास तीही जोडावी लागते आणि दोष श्रवणतंत्रिकेत असल्यास या शस्त्रक्रियेने तो दूर होत नाही. म्हणून श्रवणचाचणी आधी व्हावी.

दुर्गंधीयुक्त स्राव व पडद्याच्या वरच्या भागातील छिद्र ही लक्षणे गंभीर होत. तेथे साचणारी त्वचा, म्हणजे कोलेस्टिॲटोमा, हाड पोखरते. चेहऱ्याचा पक्षाघात किंवा मेंदूत संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी केवळ ठिगळ पुरत नाही, कानामागील मास्टॉइड हाडाची शस्त्रक्रिया करावी लागते आणि ती लांबवू नये.

नवी दिल्लीत महाराष्ट्र सदन असलेल्या कस्तुरबा गांधी मार्गापासून केंद्र सरकारची लेडी हार्डिंग व डॉ. राम मनोहर लोहिया ही रुग्णालये फार दूर नाहीत. महाराष्ट्रातून तेथे शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्यांनी परतीचे तिकीट रेल्वेचे काढावे. कलम रुजेपर्यंत काही आठवडे विमानप्रवास वर्ज्य असतो.