ग्रहण, बीज आणि आईचा दोष

परवा पिंपळगाव बसवंतला गेलो होतो. द्राक्षांचा हंगाम होता, रात्री ओट्यावर गप्पा रंगल्या आणि कुणीतरी जुनी आठवण काढली. मी लहान असताना आमच्या गल्लीत एक बाळ जन्माला आलं. मुलगा की मुलगी, सुइणीला सांगता येईना. "ग्रहणात विळी हातात घेतली असणार!" असं म्हणत सगळ्यांनी बाळंतिणीलाच धारेवर धरलं. दोनेक आठवड्यांत बाळ उलट्या होऊन गेलं. 'सुटलं बिचारं' म्हणून लोक मोकळे झाले.

यामागचं कारण शोधण्याचा इतिहास मोठा आहे. शुक्र जास्त तर मुलगा, आर्तव जास्त तर मुलगी आणि दोन्ही सारखं तर नपुंसक, असं सुश्रुत सांगतो. चरकानेही शारीरस्थानात असे आठ प्रकार दिलेत. आज हे पटणार नाही. पण निदान विचार दोघांच्या बीजाचा होता, एकट्या आईच्या विळीचा नव्हता!

१८६५ मध्ये नेपल्सच्या दे क्रेक्कियोने पुरुष म्हणून जगलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन केलं. आत गर्भाशय, बीजांडं आणि खूप वाढलेल्या अधिवृक्क ग्रंथी सापडल्या. मूत्रपिंडावरच्या या ग्रंथींत एक विकर कमी पडलं की कॉर्टिसोल नीट बनत नाही आणि पुरुषी संप्रेरकं वाढतात. मुलीचं बाह्यांग मग मुलासारखं दिसू लागतं. काही बाळांच्या शरीरातून मीठही निघून जातं. उलट्या होतात, बाळ सुकतं आणि उपचार नसेल तर पहिल्या काही आठवड्यांतच दगावतं. औषध १९५० पासून आहे : कॉर्टिसोन.

हे वाचलं तेव्हा गल्लीतलं ते बाळ आठवलं. त्याला हेच झालं असेल का?

कारणं अर्थात अनेक आहेत. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक गर्भाची जननग्रंथी सारखीच असते. तिला वृषणाकडे वळवणारं वाय गुणसूत्रावरचं जनुक १९९० मध्ये लंडनमध्ये सापडलं. ते असूनही शरीराने संप्रेरकाला दाद दिली नाही, तर बाळ मुलीसारखंच दिसतं. आपल्याकडचं ठाऊक असलेलं उदाहरण बीड जिल्ह्यातलं. पोलीस शिपाई ललिता साळवे मुलगी म्हणून वाढल्या. तपासणीत वाय गुणसूत्र आढळलं आणि २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया सुरू होऊन त्या ललित झाल्या.

अधिवृक्काचा तो आजार मात्र आई आणि बाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच होतो. अशा जोडप्याच्या दर बाळाला चारात एक शक्यता. मामाच्या मुलीशी लग्न लावायची आपली हौस ती वाढवते, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. आज बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून हा आजार ओळखता येतो.

ती बाळंतीण आता म्हातारी झाली आहे. अजूनही ग्रहणात हात बांधून बसते म्हणे. तिला जाऊन सांगायला हवं होतं... सांगितलं नाही. पुढच्या खेपेला नक्की.