चटईक्षेत्राआधीचा कोन

सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत 'एफएसआय' हा शब्द सारखा कानावर पडतो. सरकारी मराठीत तो चटईक्षेत्र निर्देशांक. समजा, भूखंड हजार चौरस मीटरचा आणि निर्देशांक १.३३, तर सगळे मजले मिळून १,३३० चौरस मीटर बांधता येतं. अर्धा भूखंड व्यापला तर तीन मजल्यांत काम आटोपतं; पावच व्यापला तर इमारत सहा मजले चढते. बांधकाम किती, एवढंच हा आकडा सांगतो. उंची ठरते ती मोकळ्या सोडलेल्या जागेवरून.

मुंबईत या आकड्याच्या आधी एक कोन होता. १८९६ साली प्लेग आला आणि कोंदट, अंधाऱ्या चाळींकडे सरकारचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला. भूमितीच्या भाषेत तो अवघड वाटतो, पण अर्थ साधा: खिडकीसमोर दहा फूट मोकळे असतील, तर पलीकडची भिंत खिडकीच्या पातळीपासून वीस फुटांहून वर जाता कामा नये. तळमजल्यावर चटई अंथरून झोपणाऱ्यालाही आभाळाचा तुकडा दिसावा, ही त्यामागची काळजी. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण त्यात मोजणी माणसाच्या खिडकीपासून सुरू होते.

कोनानंतर आला तो आकडा. मजल्यांच्या क्षेत्रफळाचं भूखंडाशी असलेलं गुणोत्तर न्यूयॉर्कने १९६१ मध्ये स्वीकारलं. मुंबईत निर्देशांक आला १९६४ मध्ये. नरिमन पॉइंटला तो ४.५ पर्यंत होता. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने तो शहरात १.३३ आणि उपनगरांत १ वर आणला. त्याच नियमावलीतून टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आला. रस्त्यासाठी, बागेसाठी जमीन देणाऱ्याला बांधकामाचा हक्क मिळू लागला, आणि तो हक्क विकता येऊ लागला. शहरातला हक्क उपनगरांत जाऊन इमारतींवर मजले चढवू लागला. चटईचा बाजार झाला तो असा.

पळवाटाही निघाल्या. बाल्कनी, फ्लॉवर बेड निर्देशांकात धरत नसत, म्हणून ते नकाशात भरपूर दाखवायचे आणि पुढे भिंत सरकवून दिवाणखान्यात घ्यायचे. २०१२ मध्ये ही क्षेत्रं हिशेबात धरली गेली आणि बदल्यात राहत्या घरांना ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा, निर्देशांक मिळाला. भिंत सरकवण्याचं कारण संपलं. दोन इमारतींमधलं अंतर मात्र त्याने वाढलं नाही.

तुमच्या सभेत नकाशा टेबलावर येईल, तेव्हा वाढीव चौरस फुटांआधी एक गोष्ट विचारा: सर्वांत खालच्या घराच्या खिडकीसमोर किती मीटर मोकळे आहेत, आणि समोरची भिंत किती उंच जाणार आहे?