कॅमेरा उघडला आणि फॉर्म गेला! रॅम भरल्यावर अँड्रॉइड नेमकं काय करतो?

गेल्या जूनमध्ये रेडीला मामाकडे गेलो होतो. मामेबहीण कॉलेज प्रवेशाचा फॉर्म भरत होती. शेवटचा दिवस, हातात मामाचा २ जीबी रॅमचा फोन. सगळं भरून झालं, मार्कशीटचा फोटो काढायला तिने कॅमेरा उघडला. परत आली तर पान कोरं. "रेंज गेली वाटता, दादा!" रेंज नीट होती. रॅम संपली होती.

रॅम कमी पडली की काय होतं?

अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स कर्नल आहे. तो लगेच अ‍ॅप बंद करत नाही, आधी जागा करून बघतो.

१. स्टोरेजवरून पुन्हा वाचता येईल असा डेटा रॅममधून काढून टाकतो.
२. बराच वेळ न वापरलेला डेटा दाबून लहान करतो आणि रॅममध्येच ठेवतो. याला झीरॅम म्हणतात.
३. तरीही भागलं नाही, तर एलएमकेडी, म्हणजे लो मेमरी किलर डीमन, अ‍ॅप बंद करतो. मेमरीसाठी कामं किती वेळ अडकून पडतात, हे अँड्रॉइड १० पासून तो मोजत असतो.

आधी कोण जातं?

प्रत्येक प्रोसेसला उणे १००० ते १००० असा एक आकडा दिलेला असतो. आकडा जितका मोठा, तितका नंबर आधी.

- सिस्टीमची मुख्य प्रोसेस: उणे ९००
- स्क्रीनवर चालू असलेलं अ‍ॅप: ०
- मागे गाणी वाजवणारं अ‍ॅप: २००
- होम स्क्रीन: ६००
- नुकतंच सोडलेलं अ‍ॅप: ७००
- मागे नुसती पडून असलेली अ‍ॅप्स: ९०० च्या पुढे

आता फॉर्मचं बघा. कॅमेरा उघडताच ब्राउझर शून्यावरून ७०० वर गेला. कॅमेऱ्याला भरपूर रॅम लागते. ९०० च्या पुढची अ‍ॅप्स काढूनही पुरेना, मग ब्राउझर गेला. साइटने मसुदा जपून ठेवला नव्हता, त्यामुळे भरलेलं सगळं गेलं.

मग करायचं काय?

- कागदपत्रांचे फोटो आधीच काढून गॅलरीत ठेवा, फॉर्म त्यानंतर उघडा.
- ओटीपी आला की मेसेज अ‍ॅपमध्ये जाऊ नका. वरून नोटिफिकेशन ओढा आणि तिथेच वाचा.
- 'मसुदा जतन करा' असं बटण दिसलं की प्रत्येक टप्प्यावर दाबा.
- सगळी अ‍ॅप्स सतत 'क्लिअर' करत बसू नका. पडून असलेली अ‍ॅप्स गरज पडली की फोन स्वतःच काढतो. तुम्ही काढलेलं अ‍ॅप पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला मात्र वेळ आणि बॅटरी जास्त लागते.

फोनने त्याच्या नियमाने बरोबरच केलं होतं. चूक साइट बनवणाऱ्यांची. माणूस मध्येच कॅमेऱ्यात जाणार, हे त्यांनी धरायला हवं होतं. मीही अ‍ॅप्स लिहितो, म्हणून हे स्वतःलाही सांगतोय.

बहिणीने फोटो गॅलरीत ठेवून फॉर्म पुन्हा भरला. या वेळी तो गेला, पण जिथे जायला हवा तिथे.