इंजिनाचा कोंडलेला श्वास

मोटारीचं बॉनेट उघडलं की आपण बॅटरी पाहतो, रेडिएटरमधलं पाणी पाहतो, फार तर गेज ओढून ऑइल पाहतो. टॅपेट कव्हरवरून एअर क्लिनरकडे जाणाऱ्या हातभर रबरी नळीकडे कुणी पाहत नाही. मिस्त्री लोक तिला ब्रीदर पाइप म्हणतात. आज तिच्याविषयी बोलायचं आहे, कारण आमच्या घरची एक बांधी तिच्यापायी गेली.

गोष्ट १९९४ सालची. गोंदिया जिल्हा वेगळा व्हायला अजून पाच वर्षं होती. साकोलीला माझ्या काकांची पेट्रोलची जुनी अॅम्बॅसिडर होती. लग्नसराईत ती वऱ्हाडाला जायची आणि एरवी नागपूरच्या दवाखान्यात पेशंट पोचवायची. तेव्हाच्या सहा नंबरच्या हायवेने लाखनी, वैनगंगेचा पूल, भंडारा असं करत शंभरेक किलोमीटर. घर त्या भाड्यावर चालायचं. धानाचं पीक म्हणजे वरकड.

त्या वर्षी पावसाळ्यात गाडी दोन-अडीच महिने उभी होती. दिवाळीनंतर रस्त्यावर आली ती तेल फेकतच. चेंबरच्या पॅकिंगमधून ऑइल गळायचं, नागपूरच्या एका फेरीत लिटरभर लागायचं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, बोअर झिजलं, इंजिन उतरवावं लागेल. काकांनी तलावाखालची बांधी विकली. बोअर झालं, नवे पिस्टन आले, नव्या रिंगा आल्या. आणि महिनाभरात चेंबरखाली पुन्हा तेच काळं थारोळं!

शेवटी भंडाऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गाडी नेली. मी तेव्हा कॉलेजात होतो, सोबत गेलो होतो. काका वैतागून म्हणाले, "मिस्त्री, इंजिन नवं केलं ना जी, मंग तेल कायले फेकते?" म्हाताऱ्याने इंजिनला पाना लावला नाही. वरची रबरी नळी दोन बोटांत दाबून पाहिली, गाडीखाली शिरून एका लोखंडी नळीत तार घातली आणि ओलसर मातीचा एक गोळा बाहेर काढला. कुंभारीण माशीचं घर! उभ्या गाडीच्या नळीत माशीने संसार थाटला होता. "भाऊ, इंजिन म्हातारं नोयतं झालं. त्याचा श्वास कोंडला जी."

श्वास हा शब्द नेमका आहे. सिलिंडरात पेट्रोल पेटतं तेव्हा सगळा वायू पिस्टन ढकलण्याच्या कामी येत नाही. थोडासा रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतो. इंजिन नवंकोरं असलं तरी उतरतो. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. ही वाफ बाहेर गेली नाही तर ऑइलमध्ये मिसळून चिखल होतो. आणि कोंडलेला दाब वाट शोधतो, पॅकिंगमधून, सीलमधून, आणि जाताना तेल घेऊन जातो.

पहिल्या मोटारी बनवणाऱ्यांनी यावर सोपा तोडगा काढला होता. चेंबरपासून एक नळी खाली रस्त्याकडे सोडून द्यायची. गाडी धावली की खालच्या वाऱ्याने वाफ ओढली जाते. काकांच्या अॅम्बॅसिडरला हीच नळी होती. वरच्या रबरी नळीतून गाळलेली हवा आत यावी, खालच्या लोखंडी नळीतून वाफ बाहेर जावी, अशी ती योजना. काकांच्या गाडीत खालची वाट माशीने बुजवली होती. वरची मूळ नळी चिरली म्हणून कुणीतरी बागेला पाणी घालायचा प्लास्टिकचा पाइप कापून बसवला होता. इंजिनच्या उष्णतेने तो मऊ होऊन पापडासारखा चपटला होता. दोन्ही नाकपुड्या बंद.

मिस्त्रीला हे चटकन कळलं, कारण तो मिलिटरीच्या जुन्या जीपांवर शिकला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला नदीनाल्यातून जावं लागे. नळी खाली उघडी सोडली तर पाणी चेंबरमध्ये शिरणार. म्हणून त्या जीपमध्ये वाफ बाहेर न सोडता एका छोट्या झडपेतून पुन्हा इंजिनमध्येच ओढून घेत आणि जाळून टाकत.

म्हणजे युक्ती १९४०च्या दशकात हाताशी होती. पण साध्या मोटारींत ती सरसकट यायला वीसेक वर्षं लागली, आणि तीही इंजिनच्या काळजीपोटी आली नाही. लॉस एंजेलिस शहरावर तपकिरी धुकं साचू लागलं, लोकांचे डोळे चुरचुरू लागले. कॅलिफोर्नियातले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित हे आधी अननसाच्या सुगंधाचा अभ्यास करत होते. १९५०च्या सुमारास त्यांनी दाखवलं की हे धुकं न जळलेल्या पेट्रोलच्या वाफेवर उन्हाची क्रिया होऊन बनतं. मग हिशेब मांडला गेला. मोटारीच्या अशा वाफेपैकी पाचवा ते चौथा हिस्सा सायलेन्सरमधून येतच नव्हता, तो या ब्रीदरच्या नळीतून येत होता! १९६१च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात आणि १९६३पासून साऱ्या अमेरिकेत झडपेची पद्धत आली. आपल्याकडे १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिची वाफही इंजिनमध्येच परत जाते. अॅम्बॅसिडर आणि जुनी फियाट बाळगणाऱ्यांना मात्र नळीशीच संसार करावा लागला.

तो कसा करायचा, हे मिस्त्रीने त्या दिवशी करूनच दाखवलं. नळी काढायची, रॉकेलने धुवायची, पूर्ण वाळवायची. दाबून पाहायची. बोटाला फुगीर आणि चिकट लागली किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर बदलायची. नवी घेताना तेल सोसणाऱ्या रबराची, जाड भिंतीची घ्यायची. क्लिप इतकी आवळायची नाही की नळीच चिमटेल. ऑइल भरायच्या झाकणाला आतून दुधाच्या सायीसारखा पांढरा थर दिसला तर समजायचं की आत पाणी साचतंय. थंडीत नुसतं बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीत तो हमखास दिसतो. एकदा लांबवर, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवावी. तरी थर राहिला तर नळी तपासावी. झडप असलेल्या गाडीत झडप काढून कानाशी हलवावी. आत खुळखुळ वाजली तर बहुधा ठीक, मुकी राहिली तर चिकटली.

मिस्त्रीने नळीचे पैसे तेवढे घेतले. बांधी परत मिळाली नाही. ज्याने घेतली त्याने पुढच्याच वर्षी तिथे विहीर खणली. काकांनी त्या गॅरेजवाल्याशी भांडणही केलं नाही. खरं सांगायचं तर बोअर झिजलेलं होतं की नव्हतं, हे उतरवलेल्या इंजिनावरून आता कोण सांगणार!

पुढे दर पावसाळ्यात गाडी उभी करताना काका खालच्या नळीच्या तोंडाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायचे. त्याच लुगड्याची दुसरी चिंधी स्टिअरिंगला बांधायचे, म्हणजे गाडी काढताना खालची सोडायला विसरायला नको.