‘जेएफआयएफ’ हे शेपूट आले कुठून?

शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन झाल्यापासून मुलांची एक तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. ब्राउझरमधून फोटो संगणकावर उतरवला, की नावामागे ‘जेपीजी’ऐवजी ‘जेएफआयएफ’ लागते. अर्जाची वेबसाइट म्हणते, फक्त जेपीजी चालेल. मुदत रात्री बारापर्यंत. मग मूल घाबरून कुठल्यातरी अनोळखी ‘फुकट कन्व्हर्टर’वर फोटो चढवते, आणि एकदा सवय लागली की आधार कार्ड आणि उत्पन्नाचा दाखलाही. माझी खरी काळजी ही आहे. कारण फाइल बिघडलेली नसतेच. नावाचा घोळ असतो, आणि तो बराच जुना आहे.

फाइलचा प्रकार तिच्या नावातच लिहायची रीत डीईसी कंपनीच्या संगणकांवर होती. गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात सीपी/एम ही प्रणाली लिहिली, तेव्हा ती रीत छोट्या संगणकांवर आली : आठ अक्षरे नावाला, टिंब, तीन अक्षरे प्रकाराला. १९८१ मध्ये एमएस-डॉसने तीच उचलली. विंडोज ९५ ने लांब नावांची मुभा दिली, तरी शेपूट राहिलेच. वर विंडोज ते लपवूनही ठेवते, म्हणजे पोराला दोष दिसतसुद्धा नाही. १९८४ च्या मॅकिंटॉशने वेगळा मार्ग काढला होता. प्रकाराची चार अक्षरी खूण नावापासून अलग साठवायची, नाव मग काहीही असो. मला तो मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. पण फाइल दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर गेली की ती खूण वाटेतच गळून पडे.

ईमेलने फाइली पाठवायच्या तर प्रकार कुठेतरी सांगायला हवा होता. १९९२ मध्ये नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी ‘माइम’ हे मानक मांडले. त्यात पाठवणाराच सांगतो : हे ‘इमेज/जेपीईजी’ आहे, हे ‘टेक्स्ट/प्लेन’ आहे. वेबनेही हीच पद्धत घेतली. आता फाइलच्या ओळखीचे दोन साक्षीदार झाले, तिचे नाव आणि सर्व्हरचे म्हणणे.

सर्व्हर चुकीचे सांगू लागले, तेव्हा ब्राउझर तिसऱ्याला विचारू लागले, ते म्हणजे फाइलचे पोट. पीडीएफच्या सुरुवातीलाच ‘पीडीएफ’ ही अक्षरे असतात. झिपच्या सुरुवातीला ‘पीके’, म्हणजे तिचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे. पण ऑफिस २००७ पासूनची वर्डची ‘डॉक्स’ फाइल आतून झिपच असते, त्यामुळे चांगला लिहिलेला अर्ज झिप म्हणून उतरू लागला. शिवाय पोट तपासून ठरवण्यात धोकाही होता : साधा मजकूर म्हणून पाठवलेली फाइल वेबपान म्हणून चालू शके. २००८ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ८ साठी ‘नोस्निफ’ ही सूचना आली. सर्व्हरने ती पाठवली की ब्राउझरने पोट हुंगायचे नाही. रेशन कार्डावर ‘शेख’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘शेक’ असले की खिडकीमागचा बाबू कुठला कागद खरा मानील, हे आपण जाणतोच. ब्राउझरची पंचाईत तशीच.

‘जेएफआयएफ’ हे नाव काही बनावट नाही. जेपीईजी मानकाने चित्र दाबायचे कसे ते सांगितले, पण ते फाइलमध्ये कसे मांडायचे हे नीट बांधून दिले नव्हते. ते काम जेएफआयएफने केले. त्याच्या १९९२ च्या आवृत्तीवर सी-क्यूब मायक्रोसिस्टिम्सचे एरिक हॅमिल्टन यांचे नाव आहे. म्हणजे आपण जेपीजी म्हणतो त्या असंख्य फोटोंची आतली मांडणी जेएफआयएफचीच. विंडोजच्या रजिस्ट्रीत प्रत्येक माइम प्रकारासमोर एक शेपूट नोंदलेले असते. अनेक विंडोज १० संगणकांवर ‘इमेज/जेपीईजी’समोर ‘जेएफआयएफ’ आहे. ब्राउझरने ती नोंद विचारली की फोटोचे नाव बदलते.

उपाय साधा. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा, एफ२ दाबा आणि शेपूट ‘जेपीजी’ करा. विंडोज घाबरवते, पण फोटोला काही होत नाही. कायमचे करायचे तर रजिस्ट्री एडिटरमध्ये ‘एचकी क्लासेस रूट’, ‘माइम’, ‘डेटाबेस’, ‘कंटेंट टाइप’, ‘इमेज/जेपीईजी’ असे जाऊन ‘एक्स्टेन्शन’ची किंमत टिंबासकट ‘.जेपीजी’ (इंग्रजी अक्षरांत) करावी. तिथे दुसऱ्या कशाला हात लावू नये, आणि सायबर कॅफेच्या संगणकावर तर मुळीच नको.

‘वेबपी’ आले तर मात्र हे चालणार नाही. गूगलने २०१० मध्ये आणलेला तो प्रकार आतूनच वेगळा आहे. नाव बदलून तो जेपीजी होत नाही. पेंटमध्ये उघडून ‘सेव्ह ॲज’ने जेपीईजी करावा लागतो. तेही आपल्याच संगणकावर होते, दाखले बाहेर कुठे चढवावे लागत नाहीत.