एका आकड्याची कुळकथा

वैद्याने रोग्याची नाडी पाहावी आणि रोग्याने वैद्याच्या मुद्रेकडे पाहत बसावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. घरातील यंत्रांच्या बाबतीत आपण सर्वजण त्या रोग्यासारखेच वागतो. यंत्र मंद झाले की ते उचलून दुरुस्तीच्या दुकानात न्यावे, दुकानदार सांगेल ते मुकाट्याने ऐकावे आणि बहुधा नवे यंत्र घेऊन घरी परतावे, हा आपला परिपाठ होय. माझ्या नऊ वर्षे वापरलेल्या लॅपटॉपवरही हाच प्रसंग आला. अध्यापनाच्या पंचवीस वर्षांतील टिपणे त्यात साठलेली, आणि साधी एक फाइल उघडावयास त्यास मिनिटमिनिट लागू लागले. दुकानदाराने “मेमरी भरली, आता नवा घ्या,” असा निकाल दिला. घरी लिनक्स वापरणारा एक जुना विद्यार्थी आला होता, तो म्हणाला, “सर, निकाल मागाहून. अगोदर यंत्र स्वतः काय म्हणते ते तर पाहा.” त्याच्या सांगण्यावरून मी पडद्याच्या एका कोपऱ्यात कॉन्की नावाचा सिस्टिम मॉनिटर मांडला. त्यावर उमटलेल्या आकड्यांचा अर्थ लावता लावता मला जो इतिहास धुंडाळावा लागला, तो वाचकांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहे.

कॉन्कीचा जन्म २००५ सालचा. त्यापूर्वीच्या टॉर्स्मो नावाच्या तशाच एका कार्यक्रमावरून तो तयार झाला. त्यास बटणे नाहीत, खिडक्या नाहीत. काय दाखवावयाचे, कोणत्या रंगात, कोणत्या कोपऱ्यात आणि किती सेकंदांनी ताजे करावयाचे, हे सारे एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवावे लागते. २०१५ पासून त्या फाइलीस लुआ या भाषेचे व्याकरण लागू झाले आहे. मी प्रोसेसर, मेमरी, उष्णता आणि ‘लोड ॲव्हरेज’ म्हणजे सरासरी भार, अशा चारच ओळी लिहिल्या. अर्ध्या सेकंदाला आकडे बदलावेत असा मोह प्रथम झाला होता. परंतु पहारेकऱ्यालाही जेवण लागतेच! पाहणी जितकी वारंवार, तितका तिचा भार यंत्रावरच पडावयाचा. म्हणून दोन सेकंदांवर समाधान मानले.

आता कॉन्कीला हे सारे कळते कसे? खरे पाहता तो स्वतः मोजमाप जवळजवळ करीतच नाही. यंत्राच्या कर्नलने, म्हणजे संगणकाचा सर्व कारभार हाकणाऱ्या मूळ कार्यक्रमाने, जे उघड लिहून दाखविले तेच तो वाचतो. ही उघडी वही सहजासहजी मिळालेली नाही. युनिक्स या जुन्या प्रणालीत चालू कामांची यादी हवी असल्यास ती दाखविणाऱ्या कार्यक्रमास कर्नलच्या मेमरीतच हात घालून पत्ते शोधावे लागत. त्यासाठी विशेष अधिकार लागे, आणि कर्नलची रचना बदलली की तो कार्यक्रमही बदलावा लागे. १९८४ साली बेल प्रयोगशाळेतील टॉम किलियन यांनी चालू असलेले प्रत्येक काम, ज्यास ‘प्रोसेस’ म्हणतात, ते एका फाइलीच्या रूपाने दाखविण्याची युक्ती मांडली. अशा फाइलींच्या निर्देशिकेस ‘प्रॉक’ हे नाव मिळाले. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकी येथे आरंभिलेल्या लिनक्सने ही कल्पना उचलली, आणि प्रोसेसांबरोबरच मेमरी, प्रोसेसर, भार यांचाही हिशेब तेथे साध्या वाचनीय मजकुरात लिहिण्यास सुरुवात केली. या फाइली डिस्कवर कोठेच नसतात. आपण वाचावयास गेलो की त्याच क्षणी कर्नल त्या रचून देतो. त्यांतील भाराची आणि मेमरीची पाने यंत्राच्या कोणाही सामान्य वापरकर्त्यास वाचता येतात.

या उघडेपणाचे मोल कळण्यासाठी मागच्या एका यंत्रयुगाकडे पाहावे. वाफेच्या एंजिनाच्या सिलिंडरातील दाब कागदावर रेखाटणारे साधन जेम्स वॉट यांचे सहकारी जॉन सदर्न यांनी १७९६ च्या सुमारास सिद्ध केले. एंजिन किती काम करते आणि वाफ कोठे वाया जाते, हे त्यावरून कळे. परंतु बोल्टन आणि वॉट यांच्या पेढीने ते अनेक वर्षे व्यापारी गुपित म्हणून जपले. त्याचे वर्णन १८२२ मध्ये छापून प्रसिद्ध झाले. एंजिन विकत घेणारा कारखानदार तोपर्यंत पेढीच्या मुद्रेकडे पाहत बसलेला! यंत्राचा धनी एक आणि त्याच्या नाडीचा धनी दुसरा, अशी ती स्थिती होती. ‘प्रॉक’च्या उघड्या वहीने निदान या क्षेत्रात ती पालटली.

तथापि वही उघडी असली म्हणून ती वाचता येते असे नव्हे. माझ्या पडद्यावर पहिला घोटाळा मेमरीचाच झाला. चार गिगाबाइटांपैकी रिकामी जेमतेम दोनशे मेगाबाइट! दुकानदाराचा निकाल खरा ठरला असे क्षणभर वाटले. परंतु लिनक्सची रीत निराळी आहे. मेमरी रिकामी ठेवणे म्हणजे ती वाया घालविणे, असे मानून तो डिस्कवरून वाचलेल्या फाइलींच्या प्रती मोकळ्या जागेत ठेवतो, आणि कोणास जागा हवी झाली की त्या टाकून देतो. पाहुणा येईपर्यंत माजघरात धान्याची पोती ठेवावीत, तसेच हे. या ‘रिकाम्या’ आकड्याने पुष्कळांची दिशाभूल होई, म्हणून २०१४ साली लिनक्सच्या ३.१४ या आवृत्तीत ‘उपलब्ध मेमरी’चा निराळा अंदाज त्या फाइलीत घालण्यात आला. माझ्या यंत्रावर तो अडीच गिगाबाइटांच्या वर होता. मेमरी निर्दोष सुटली.

दुसरा घोटाळा याहून गहन होता. प्रोसेसर शंभरांतील नव्वद भाग निष्क्रिय, असे एक ओळ सांगत होती. आणि तिच्याच खाली सरासरी भार साडेचार! माझ्या यंत्रात प्रोसेसरचे गाभे दोनच. त्यांस काम नाही आणि तरी भार दुपटीहून अधिक, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असाव्यात?

त्यासाठी या आकड्याच्या मूळ पुरुषापर्यंत जावे लागते. ऑगस्ट १९७३ मध्ये अमेरिकेतील आर्पानेट या जाळ्यावरील संशोधकांत एक लहानसे टिपण प्रसृत झाले. टेनेक्स नावाच्या प्रणालीवरील यंत्रांचा जुलै महिन्यातील सरासरी भार त्यात हाताने काढलेल्या आलेखासह दिला होता. एक यंत्र अनेक जण वाटून घेत तो हा काळ. टिपणातील व्याख्या अगदी स्वच्छ आहे: चालण्यास तयार असलेल्या प्रोसेसांची सरासरी संख्या म्हणजे भार. तासाचा भार दहा असेल, तर एक प्रोसेस चालू आणि नऊ प्रोसेसरची वाट पाहत रांगेत, असे समजावे. डिस्कसाठी थांबलेल्यांची गणती त्यात नव्हती. पुढे युनिक्सनेही हा आकडा स्वीकारला, आणि एक, पाच व पंधरा मिनिटांचे तीन आकडे शेजारी शेजारी दाखविण्याचा प्रघात पडला. चढता भार कोणता आणि उतरता कोणता, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते.

लिनक्समध्ये मात्र ऑक्टोबर १९९३ मध्ये एक बदल झाला. माथियास उर्लिख्स यांनी असा आक्षेप घेतला की, वेगवान डिस्क काढून मंद डिस्क बसविली तर प्रोसेस डिस्कपाशीच खोळंबून राहतात, प्रोसेसरची रांग ओस पडते आणि भार उलट कमी दिसतो. यंत्र रखडत असता भार कमी, हे तर्कविरुद्ध होय! म्हणून डिस्कसाठी अशा अढळ प्रतीक्षेत अडकलेल्या प्रोसेसही लिनक्स मोजू लागला. नाव तेच राहिले, अर्थ बदलला. प्रोसेसरच्या भाराचा आकडा संबंध यंत्राच्या भाराचा झाला. या बदलाचे कारण पुढे लोकांच्या विस्मरणात गेले. ब्रेंडन ग्रेग यांनी जुना पत्रव्यवहार चाळून ते २०१७ साली पुन्हा उजेडात आणले. चोवीस वर्षे असंख्य माणसे जो आकडा रोज पाहत होती, त्याची कुळकथा फारच थोड्यांस ठाऊक होती.

ही कुळकथा कळताच माझ्या पडद्यावरील विसंगती नाहीशी झाली. प्रोसेसर रिकामा होता कारण प्रोसेस त्याच्यापाशी पोहोचतच नव्हत्या. त्या डिस्कच्या दाराशी ताटकळत उभ्या होत्या. अर्थात आकड्याने एवढाच संशय दाखविला. निदान त्याने केले नाही. विद्यार्थ्याने हार्ड डिस्क स्वतःच्या दोषांची जी नोंद ठेवते ती उघडली, तेव्हा तिचे निकामी झालेले भाग दोन दिवसांत वाढल्याचे दिसले. त्याच रात्री आम्ही दोघांनी टिपणांची प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतली; पहाटेचे चार वाजले. तीन आठवड्यांनी कुतूहलाने जुनी डिस्क जोडून पाहिली, तो ती सुरूच होईना.

१९७३ची व्याख्या तशीच राहिली असती, तर माझ्या कोपऱ्यातील आकडा एकाच्याही खाली दिसला असता, आणि यंत्रावर काही भार नाही असे समजून मी निश्चिंत बसलो असतो. इतिहास शिकविण्यात माझे आयुष्य गेले. जुन्या कागदातील ‘बिघा’ वा ‘खंडी’ कोणत्या प्रांतातील आणि कोणत्या काळातील, हे ठरविल्यावाचून हिशेब मांडू नये, असे मी विद्यार्थ्यांस दरवर्षी बजावीत आलो. तोच नियम माझ्या टेबलावरील यंत्राच्या आकड्यासही लागू आहे, हे मला एका विद्यार्थ्याने शिकवावे लागले. लॅपटॉप अद्याप चालू आहे. नवी डिस्क बसविली आहे, आणि हा लेख त्याच्यावरच लिहिला. कोपऱ्यातील भार या घटकेस ०.४ आहे.