दवाखान्याच्या दारातली प्रार्थना

२००४ सालच्या शरदात अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ब्रायन या गावी, गर्भपात करणाऱ्या एका दवाखान्यासमोर काही ख्रिस्ती माणसे चाळीस दिवस रात्रंदिवस पाळीपाळीने उभी राहिली. ओठांवर प्रार्थना, आत जाणाऱ्या बाईने माघारी फिरावे एवढीच अपेक्षा. २००७ पासून 'फॉर्टी डेज फॉर लाइफ' या नावाने हा उपक्रम देशभर पसरला. त्यात उभे राहणाऱ्याला शांततेच्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते. ब्रायनचा तो दवाखाना २०१३ मध्ये बंद झाला.

ही माणसे स्वतःला 'प्रो-लाइफ', म्हणजे जीवनाच्या बाजूची म्हणवतात. त्यांना धर्मवेडे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. 'शांततामय आहे ना, मग तोही सत्याग्रहच' असे म्हणणेही तितकेच सोपे. सत्याग्रह हा आपल्या रक्तातला शब्द असल्यामुळे मला या दुसऱ्या विधानाची अधिक काळजी वाटते.

या शांततेलाही इतिहास आहे. १९७३ च्या 'रो' निकालाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य झाला. पुढे 'ऑपरेशन रेस्क्यू' या संघटनेने दवाखान्यांची दारे अडवायला सुरुवात केली. १९८८ मध्ये अटलांटात, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंगच्या जन्मगावी, किंगचाच वारसा सांगत तिचे शेकडो लोक अटक झाले. १९९१ च्या उन्हाळ्यात विचिटा येथे अटकांचा आकडा अडीच हजारांवर गेला. १० मार्च १९९३ रोजी पेन्साकोला येथे दवाखान्याबाहेर निदर्शने चालू असतानाच डॉ. डेव्हिड गन यांना गोळ्या घालण्यात आल्या. १९९४ च्या केंद्रीय कायद्याने दार अडवणे हा गुन्हा ठरवला. शांत निदर्शने मात्र त्यातून वगळली. ब्रुकलिनचे धर्मगुरू फिलिप रायली यांनी १९८९ मध्येच अडवणुकीऐवजी जपमाळेचा मार्ग धरला होता. आजची प्रार्थना त्या वाटेने आलेली आहे. तिच्यावर पेन्साकोलाचे रक्त उडवणे अन्यायाचे होईल.

पण वारशाचे काय? २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराच्या दारांशी आपले स्त्रीपुरुष बसले, ते स्वतःला आत जाता यावे म्हणून. १९६० मध्ये ग्रीन्सबरोचे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी उपाहारगृहात बसले, तेही त्याचसाठी. दवाखान्यासमोर उभा असलेला माणूस उघड्या दारातून दुसरीने जाऊ नये म्हणून उभा आहे. सत्याग्रही क्लेश स्वतःकडे ओढून घेतो. इथे लाज आणि भीती त्या बाईच्या वाट्याला येते.

त्यांचे उत्तर असे, की आम्ही गर्भातल्या मुक्या जिवाच्या वतीने उभे आहोत. हे उत्तर प्रामाणिक आहे; त्याची टवाळी मी करणार नाही. पण दुसऱ्याच्या वतीने बोलणारे आपण पुष्कळ पाहिले आहेत. १९३१ च्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण, यावर गांधीजींनी केलेला दावा कोण विसरेल? इथे तर जिला बोलता येते ती समोरून चालत येते, आणि तिची बाजू ऐकण्याआधीच तिच्यासाठी प्रार्थना सुरू झालेली असते.

म्हणून पोलिसांनी त्यांना हटवावे का? मॅसॅच्युसेट्स राज्याने दारापासून ३५ फुटांत उभे राहण्यास बंदी केली होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. मला तो निकाल पटतो. एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमला किंग तुरुंगात गेले ते मिरवणुकीवरचा मनाई हुकूम मोडूनच. रस्त्यावर उभे राहण्याचा हक्क आक्रसला की त्याची पहिली झळ आपल्यासारख्यांनाच लागते. दार मोकळे हवे, आणि फूटपाथही.

कृष्णवर्णीय स्त्रियांनी हा प्रश्न अधिक खोल नेला. १९६१ मध्ये मिसिसिपीत फॅनी लू हेमरचे गर्भाशय डॉक्टरांनी तिला न विचारता काढून टाकले. मतदानहक्कासाठी झुंजलेली हीच बाई गर्भपाताच्याही विरोधात होती. तिला कोणत्या रांगेत उभे करणार? १९७६ च्या हाइड दुरुस्तीने गरिबांच्या सरकारी वैद्यकीय मदतीतून गर्भपाताचा खर्च जवळजवळ वगळला. पैसेवालीला काही फरक पडला नाही. १९९४ मध्ये शिकागोत जमलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी 'रिप्रॉडक्टिव्ह जस्टिस' ही संज्ञा घडवली, आणि मूल नको म्हणण्याबरोबर मूल हवे म्हणण्याचा, त्याला धडपणे वाढवण्याचाही हक्क त्यात घातला.

गर्भपात नव्हे, पण संततिनियमनाचा प्रश्न बाबासाहेबांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत मांडला होता. बाळंतपणाच्या वेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणी तयार झाला नसता, अशा आशयाचा युक्तिवाद त्यात होता. सभागृहाने तो प्रस्ताव फेटाळला.

२४ जून २०२२ रोजी 'रो' निकाल रद्द झाला. टेक्सासमध्ये गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद आहे. ज्यांच्याकडे प्रवासाचे पैसे आहेत अशा तिथल्या बाया शेजारच्या न्यू मेक्सिकोत जातात, आणि प्रार्थना करणारे तिथल्या दारांशीही उभे असतात.